पैसे आधी, तबकडी नंतर : आगाऊ नोंदणीचा थोडा इतिहास

मागच्या वेळी आपण छापील ग्रंथाच्या बाजारपेठेबद्दल बोललो होतो. आज विषय थोडा बाजूला सरकवतो आहे, आणि त्याला कारणीभूत आहे माझा एक जुना विद्यार्थी. हा गृहस्थ आता पन्नाशीचा आहे, युरोपात नोकरी करतो आणि जुन्या, फारशा कुणी न ऐकलेल्या संगीताच्या रेकॉर्ड जमवतो. त्याने तिकडच्या एका अगदी लहान लेबलकडे दोन तबकड्यांचा एक संच आगाऊ पैसे भरून मागवला. तीन महिन्यांत मिळेल असं सांगितलं होतं. तीनाचे सहा झाले, सहाचे चौदा. मध्ये त्याने सात पत्रं पाठवली, त्यांतल्या दोनांना उत्तर आलं. एका रात्री त्याचा मला फोन. म्हणाला, "सर, पैसे गेले तरी चालतील हो, पण मला मूर्ख का बनवतात?"

रक्कम त्याच्या पगाराच्या मानाने किरकोळ होती. तरी हा माणूस, ज्याला मी कधी आवाज चढवताना पाहिलेलं नाही, तो संतापाने थरथरत होता. मी तत्त्वज्ञानाचा माणूस. कुणी वचन मोडल्याचं म्हणालं की माझे कान टवकारतात. तर ही तक्रार नवी आहे का, आणि तिच्यात नेमकं काय दुखतं, एवढंच आज पाहायचं आहे.

तक्रार नवी नाही, हे आधीच सांगून टाकतो. १७५६ साली लंडनमध्ये डॉ. सॅम्युएल जॉन्सन यांनी जाहीर केलं की आपण शेक्सपिअरच्या नाटकांची आवृत्ती काढणार. वर्गणी दोन गिनी. एक गिनी नाव नोंदवताना, दुसरी ग्रंथ हाती पडल्यावर. १७५७ च्या नाताळापर्यंत ग्रंथ मिळणार होता. तो आला १७६५ च्या ऑक्टोबरात. आठ वर्षं उशिरा! मधल्या काळात चार्ल्स चर्चिल नावाच्या कवीने एका उपहासकाव्यात त्यांना भर बाजारात विचारलं की पैसे घेतलेत, पुस्तक कुठं आहे. आणि ग्रंथ निघाल्यावर वर्गणीदारांची यादी का छापली नाही, असं विचारल्यावर जॉन्सन यांनी सांगितलं म्हणतात, की नावं माझ्याकडून हरवली आणि पैसे खर्च होऊन गेले. आपण हसतो. पण ज्याची गिनी अडकली होती तो १७६१ साली हसला असेल असं वाटत नाही. त्या आवृत्तीची प्रस्तावना आजही इंग्रजी समीक्षेत मानाने वाचली जाते, हे खरं. उशीर झाला म्हणून काम वाईट ठरत नाही आणि काम उत्तम झालं म्हणून उशीर पुसला जात नाही. ही दोन खाती वेगवेगळी आहेत, आणि पुष्कळ लोक ती एकत्र करतात.

त्यातली एक व्यावहारिक गोष्ट मात्र लक्षात ठेवा. अर्धे पैसे आधी, अर्धे वस्तू मिळाल्यावर. अठराव्या शतकातल्या माणसाला एवढं कळत होतं. आजची आगाऊ नोंदणी पूर्ण रक्कम, टपालखर्चासह, पहिल्याच दिवशी घेते. म्हणजे गेल्या अडीचशे वर्षांत जोखीम विकणाऱ्याकडून घेणाऱ्याकडे सरकली, आणि त्याबद्दल कुणी फारसं बोललं नाही.

आता तबकडीकडे येऊ. 'द ग्रामोफोन' हे मासिक १९२३ साली कादंबरीकार कॉम्प्टन मॅकेंझी यांनी इंग्लंडमध्ये सुरू केलं. त्या काळात मोठ्या कंपन्या गंभीर संगीत काढायच्या, पण कापून. एका बाजूला चार-साडेचार मिनिटं मावत. मग चार भागांच्या रचनेतला एखादा भाग घ्यायचा, त्यालाही कात्री लावायची, झालं. मॅकेंझींच्या वाचकांना हे सलत होतं. त्यातून 'नॅशनल ग्रामोफोनिक सोसायटी' निघाली. १९२४ पासून १९३१ पर्यंत तिने सभासदांसाठी मुख्यतः चेंबर म्युझिक, म्हणजे चार-पाच वादकांनी दिवाणखान्यात वाजवावं असं संगीत, अख्खंच्या अख्खं ध्वनिमुद्रित केलं. पुढे जगप्रसिद्ध झालेले जॉन बार्बिरोली तरुणपणी या सोसायटीसाठी वाजवत होते आणि वाद्यवृंदाचं संचालनही करत होते. आज ज्याला आपण छोटं, खास आवडीचं लेबल म्हणतो त्याचा हा जवळजवळ पूर्वज. दुकानदार विचारणार नाही, रस्त्यावरचा माणूस घेणार नाही, पण काहीशे वेडे लोक आहेत. त्यांनी एकत्र यायचं आणि बाजाराने नाकारलेली वस्तू बनवून घ्यायची.

यातला 'बनवून घ्यायची' हा शब्द महत्त्वाचा आहे. भाजीवाल्याकडे मेथीची जुडी असते, आपण ती विकत घेतो. इथे जुडी नाहीच. आपण पैसे दिले तर पेरणी होणार. अशा व्यवहारात पैसे देणारा माणूस नेमका कोण? गिऱ्हाईक? सावकार? आश्रयदाता? की भागीदार? माझ्या मते सगळा घोळ या प्रश्नाचं उत्तर न दिल्यामुळे होतो.

१९३१ साली एका पंचवीस वर्षांच्या तरुणाने त्याचं फार स्वच्छ उत्तर दिलं. वॉल्टर लेग त्याचं नाव. विद्यापीठाचं तोंड न पाहिलेला, स्वतःच जर्मन शिकलेला, आणि ह्युगो वोल्फ या ऑस्ट्रियन संगीतकाराच्या गीतांनी झपाटलेला. वोल्फ १९०३ साली व्हिएन्नात मनोरुग्णालयात वारला. इंग्लंडमध्ये त्याची गीतं ऐकणारे मूठभर. लेग हिज मास्टर्स व्हॉइस, म्हणजे आपल्या घराघरांतल्या त्या कुत्र्याच्या छापाच्या कंपनीत काम करत होता. काळ कसला, तर जागतिक मंदीचा. रेकॉर्डचा खप कोसळलेला. त्याच वर्षी ही कंपनी कोलंबियाशी एकत्र होऊन ईएमआय झाली होती. अशा वेळी कोण वोल्फची गीतं काढणार?

लेगने सुचवलं की आधी पाचशे नावं गोळा करू. सहा तबकड्यांचा संच, किंमत तीस शिलिंग. पाचशे लोक तयार झाले तर ध्वनिमुद्रण, नाहीतर नाही. मॅकेंझींच्या मासिकाने पाठिंबा दिला. नावं हळूहळू जमली, आणि गंमत म्हणजे त्यांतली शंभराहून अधिक जपानमधून आली. टोकियोतला एखादा कारकून आणि लंडनमधला एखादा शिक्षक, एकमेकांना कधीही न भेटणारे, त्यांच्या नावांमुळे एलेना गेरहार्ट स्टुडिओत उभी राहिली आणि गायली. पुढे त्या सोसायटीचे सहा खंड निघाले. याच पद्धतीने आर्तुर श्नाबेलने १९३२ ते १९३५ या काळात बीथोवनचे बत्तीसही सोनाटे प्रथमच संपूर्ण ध्वनिमुद्रित केले. श्नाबेलला स्टुडिओ म्हणजे छळ वाटायचा. तरी त्या तबकड्या आजपर्यंत पुन्हापुन्हा निघत आल्या आहेत.

लेगच्या योजनेची रचना पाहा. ते वचन अटीचं होतं. "पाचशे झाले तर." श्रोत्याला पहिल्या दिवसापासून ठाऊक की कदाचित काहीच होणार नाही. अनिश्चितता लपवलेली नव्हती, जाहिरातीतच छापलेली होती. आणि मागे मोठी कंपनी होती. कारखाना स्वतःचा, साचे स्वतःचे, छपाई स्वतःची. एकदा आकडा जमला की पुढची साखळी एकाच घरात.

आजच्या छोट्या लेबलकडे यातलं काही नसतं. लेबल म्हणजे बहुतेक वेळा एक माणूस, एक संगणक आणि पुठ्ठ्याच्या खोक्यांनी भरलेली खोली. ध्वनीची फाइल तयार झाली की ती कटिंग इंजिनिअरकडे जाते. अॅल्युमिनिअमच्या चकतीवर लाखेसारख्या लॅकरचा थर असतो, त्याच्यावर तो चर कोरतो. मग त्यावर चांदीचा पातळ फवारा, निकेलचा मुलामा, त्यातून उलटा साचा, त्यावरून पुन्हा सुलटा, त्यावरून छापणारा साचा. मग चार-पाच नमुना तबकड्या काढतात, त्यांना टेस्ट प्रेसिंग म्हणतात. त्या ऐकायच्या. खरखर आली तर पुन्हा मागच्या पायरीवर. पसंत पडल्या तर प्रेसवर गरम पीव्हीसीचा गोळा दाबून खरी तबकडी. एक तबकडी दाबायला मिनिटसुद्धा लागत नाही. म्हणजे चौदा महिन्यांतला जवळजवळ सगळा काळ रांगेत उभं राहण्यात जातो. वेष्टन छापणारा वेगळा, पाठवणारा वेगळा. कुणीही एकाने तारीख चुकवली की सगळं पुढे.

आणि रांगही सरळ नसते. ६ फेब्रुवारी २०२० ला कॅलिफोर्नियातल्या बॅनिंग या गावी अपोलो मास्टर्सचा कारखाना जळाला. मघाशी म्हटलेल्या त्या लॅकरच्या चकत्या जगात बनवणारे मुख्य कारखाने दोनच, एक हा आणि दुसरा जपानमधला. त्यातला एक एका सकाळी गेला, आणि पुन्हा उभा राहिला नाही. पाठोपाठ कोविड. लोक घरात बसले आणि रेकॉर्ड मागवू लागले. अमेरिकेत २०२० च्या पहिल्या सहामाहीत रेकॉर्डच्या विक्रीचं उत्पन्न सीडीच्या वर गेलं, १९८० च्या दशकानंतर पहिल्यांदाच. पण तबकड्या दाबणारे कारखाने आधीच थोडे उरलेले, त्यांची यंत्रं कित्येक ठिकाणी चाळीस-पन्नास वर्षं जुनी. मग मोठ्या कंपन्यांच्या मागण्या आल्या. २०२१ च्या नोव्हेंबरात आलेल्या अॅडेलच्या अल्बमच्या पाच लाख रेकॉर्ड दाबल्याची बातमी तेव्हा सगळीकडे होती. तीनशे नगांची मागणी घेऊन उभा असलेला आपला लेबलवाला त्या रांगेत कुठे असेल, सांगा. एसटी स्टँडवर लग्नाचं वऱ्हाड आलं की एकट्या प्रवाशाचं जे होतं, ते. दोन-तीन महिन्यांचं काम आठ-दहा महिन्यांवर, कधी वर्षावर गेलं.

म्हणजे उशिराला खरी कारणं आहेत. मग माझा विद्यार्थी चिडतो ते चूक का? नाही.

कांटने १७८५ सालच्या नीतिशास्त्रावरच्या आपल्या पुस्तकात खोट्या वचनाचं उदाहरण घेतलं आहे. माणूस अडचणीत आहे, परत करू शकणार नाही हे त्याला पक्कं माहीत आहे, तरी परत करीन असं सांगून पैसे उसने घेतो. छोट्या लेबलचा मालक हा माणूस नव्हे. त्याला तारीख खरीच वाटत असते. त्याचा दोष वेगळा आहे. त्याच्याकडे होती आशा, आणि त्याने ती वचन म्हणून विकली. कारखान्याने त्याला "साधारण मे" म्हटलं, त्याने जाहिरातीत "मे" छापलं. 'साधारण' हा शब्द वाटेत गळला. सगळी फसवणूक, तिला फसवणूक म्हणायचं असेल तर, त्या गळलेल्या शब्दात आहे.

दुसरं असं, की मागवताना हा लेबलवाला म्हणतो, आपण एक कुटुंब आहोत, तुमच्याशिवाय हे संगीत जिवंत राहणार नाही. श्रोता भारावतो. उशीर झाल्यावर श्रोता विचारतो, काय झालं? तेव्हा तो कुटुंबातून एकदम बाहेर पडतो आणि गिऱ्हाईक होतो. 'आपला क्रमांक अमुक, कृपया धीर धरावा.' अरे, भागीदार म्हणून पैसे घेतलेस ना, मग भागीदाराला हिशेब दाखव. गिऱ्हाईकच मानायचं असेल तर परत मागितल्यावर पैसे परत दे. दोन्ही नाही म्हणजे काय? माझा विद्यार्थी "मूर्ख बनवतात" म्हणाला ते याला.

परत का देता येत नाहीत, हेही सांगायला हवं. पैसे उरलेले नसतात. कारखाना आगाऊ रक्कम घेतो. पुष्कळदा या रेकॉर्डचे पैसे मागच्या रेकॉर्डच्या छपाईत गेलेले असतात, आणि पुढच्या रेकॉर्डची नोंदणी उघडली तरच ही निघणार असते. बाहेरून धंदा चाललेला दिसतो, आत एक भोक दुसऱ्या ठिगळाने झाकलेलं. नव्या नव्या नोंदण्या उघडत आहेत आणि जुन्या येत नाहीत, हे पाहून जुना वर्गणीदार सर्वांत जास्त का भडकतो, ते यावरून कळेल. त्याला आपले पैसे कुठं गेले ते न सांगताच दिसतं. २०१९ साली प्लेजम्युझिक ही चाहत्यांकडून थेट आगाऊ पैसे गोळा करून देणारी ब्रिटिश कंपनी बुडाली, तेव्हा कलाकारांचे पैसे अडकले आणि चाहत्यांनी भरलेल्या नोंदण्या हवेत राहिल्या. कलाकाराने दगा दिलेला नव्हता, पण शिव्या त्यालाच बसल्या.

कधी कधी नीयत उत्तम, काम उत्तम, आणि तरीही गाडा रुततो. १९४९ साली बोस्टनमध्ये एच. सी. रॉबिन्स लँडन या विशीतल्या संशोधकाने 'हायडन सोसायटी' काढली. हायडनचं पुष्कळसं संगीत तेव्हा छापलेलंसुद्धा नव्हतं. यांनी ठरवलं की समग्र स्वरलिपी छापायची आणि रेकॉर्डही काढायच्या. श्नायडर क्वार्टेटकडून हायडनची सगळी क्वार्टेटं ध्वनिमुद्रित करायला सुरुवात झाली. पुष्कळशी झाली, फार सुंदर झाली, आणि पैसे संपले. मालिका अपुरी राहिली, समग्र आवृत्तीही थांबली. लँडनने पुढे आयुष्यभर हायडनवर काम केलं, पाच खंडांचं चरित्र लिहिलं. त्याला लुच्चा म्हणण्याची कुणाची छाती नाही. पण पहिल्या तबकडीपासून मालिका घेणाऱ्याच्या कपाटात अर्धाच हायडन राहिला, हेही खरं.

आता तुम्ही म्हणाल, सर दोन्ही बाजूंनी बोलतात. त्याला कारण आहे. मी स्वतः दुसऱ्या बाजूला उभा राहिलेलो आहे.

१९८४ साली आमच्या एका अभ्यासमंडळाने व्याख्यानांचं पुस्तक काढायचं ठरवलं. संपादक मी. प्रकाशनपूर्व सवलत बावीस रुपये. एकशे चाळीस लोकांनी मनीऑर्डरी पाठवल्या. दिवाळीपर्यंत पुस्तक देऊ असं पत्रक काढलं. ते माझ्याच हातचं होतं. कागद महागला, छापखान्याच्या मालकाने खिळे काढून ऑफसेट घ्यायचं ठरवलं, दोन लेखकांनी मजकूर दिला नाही, आणि चौथं कारण म्हणजे माझा आळस. वाईच्या एका निवृत्त शिक्षकांचं पोस्टकार्ड आलं. रागाचा एक शब्द नाही. पुस्तक निघणार आहे का, आणि आपली प्रकृती बरी आहे ना, एवढंच. मी चार महिने उत्तर दिलं नाही. का दिलं नाही? सांगायला तारीख नव्हती. मला वाटायचं, नक्की तारीख कळली की एकदम लिहू. ती कळेना, आणि रोज ते कार्ड टेबलावर पाहिलं की लाज वाटायची. लाज वाटली की मी ते वहीखाली सरकवायचो. दुसरं कार्ड आलं तेव्हा प्रकृतीची चौकशी नव्हती.

तिकडच्या त्या लेबलवाल्याला मी ओळखत नाही, पण त्याची वही मला ओळखीची आहे. तो गप्प बसतो ते पैसे खाऊन सुखात आहे म्हणून असेलच असं नाही. द्यायला चांगली बातमी नाही म्हणून तो बातमीच देत नाही. घेणाऱ्याला मात्र गप्प माणूस आणि पळालेला माणूस सारखेच दिसतात. त्याला फरक कळणार तरी कशावरून?

अमेरिकेत फेडरल ट्रेड कमिशनने टपालाने माल विकणाऱ्यांसाठी १९७५ साली एक नियम केला. सांगितलेल्या वेळेत माल पाठवा. वेळ सांगितली नसेल तर तीस दिवसांत. जमत नसेल तर गिऱ्हाईकाला कळवा, नवी तारीख द्या, आणि नको असेल तर पूर्ण पैसे परत घेण्याची मुभा द्या. मला हा नियम कांटइतकाच वाचनीय वाटतो. उशीर होऊ शकतो हे त्याने गृहीत धरलं आहे. कळवणं मात्र ऐच्छिक ठेवलेलं नाही. ह्यूम म्हणायचा की वचनाचं बंधन निसर्गाने घातलेलं नाही, माणसांनी एकमेकांच्या सोयीसाठी ती रीत घडवली आहे. रीत घडवलेली असेल तर तिची दुरुस्तीही करता येते, आणि इथे ती केलेली दिसते.

आमचं पुस्तक १९८७ साली निघालं. वाईच्या गुरुजींना पहिली प्रत पाठवली, सोबत दोन पानांचं पत्र. आठ दिवसांत उत्तर आलं : पुस्तक मिळालं, आणि मुद्रणदोष अकरा आहेत, यादी सोबत जोडली आहे. बाकी अवाक्षर नाही. ती यादी माझ्याकडे अजून आहे.

वेळ होत आली. एक चिठ्ठी आली आहे, तेवढी वाचतो. "मीही एका परदेशी लेबलकडे रेकॉर्ड मागवली आहे, वर्ष होऊन गेलं. पैसे परत मागावेत का?" पहिलं पत्र पैशांबद्दल लिहू नका असं मी सुचवीन. विचारा की काम नेमकं कुठल्या पायरीवर आहे. लॅकर कापून झालं का? टेस्ट प्रेसिंग ऐकलं का, कोणत्या महिन्यात? वेष्टन छापून आलं का? ज्याचं काम खरोखर चालू आहे त्याला हे दोन ओळींत सांगता येतं, आणि विचारलं म्हणून त्याला बरंही वाटतं. पंधरा दिवस थांबा. "लवकरच" एवढंच उत्तर आलं, किंवा काहीच आलं नाही, तर मग मागा पैसे, आणि संकोच बाळगू नका. दुसरी चिठ्ठी श्नाबेलबद्दल आहे, ती पुढच्या वेळी घेऊ.